अर्धा तोळा

शेपूट नाही याला.
मान नाही, पोट नाही.
नुसते दोन पंख मधोमध चिकटवलेले,
फोमचे, वरून जाळीची टेप,
आत बॅटरी, रिसीव्हर
आणि दोन सर्व्हो, गांधीलमाशीसारखे कुरकुरणारे.

कॉलेजच्या मैदानावर पहिल्यांदा फेकलं
तेव्हा कोलांट्या खात गेलं.
गोलात उभं असलेलं पोरगं ओरडलं,
"सर, तुमची पत्रावळ उडाली!"

मग मी नाकात शिसं भरलं.
मासेमारीच्या जाळ्याचे मणी, ठोकून चपटे केलेले.
भरतच गेलो.
भीती वाटली की माणूस भरत जातो.
आता ते सरळ जायचं, पण कुदळीसारखं,
स्टिक मागं ओढून धरली तरच तोंड वर,
आणि ओढत राहिलं की वेग मरायचा.

अण्णांनी दुकान बंद करून चार वर्षं झाली.
हात थरथरतो.
सोन्याच्या कामाला ते चालत नाही.
तरी मी पंख त्यांच्यापुढं धरला.
म्हणालो, पोटाखाली ही खूण केलीय,
इथं दोन बोटांवर तोलून बघा.

आधी टेपच्या जोडावर नख फिरवलं त्यांनी,
पाटलीचा सांधा तपासावा तसं.
मग दोन तर्जन्या, खालून.
पंख थरथरायला लागला,
त्यांच्याच लयीत.
मी भिंतीवरच्या कॅलेंडरकडं बघायला लागलो.

"इकडं बघ. हात हालायलाय माझा, तोल नाही.
नाक खाली चाललंय.
अर्धा तोळा जास्त घातलास."

मी हो म्हणालो. काढलं काहीच नाही.

पाटोद्याच्या पुढं
माळ चालत चालत अचानक तुटतो
तिथं रविवारी गेलो, मी आणि इश्तियाक.
पेरण्या झालेल्या, पाऊस दडी मारून बसलेला,
नुसता वारा,
कड्याखालून वर चढणारा, धूळ आणि चिलटं घेऊन.
लांब पवनचक्क्या एकाच दिशेला तोंड करून.
शेरड्या राखणारी बाई येऊन उभी राहिली.
"ह्याला शेपूटच न्हाई की. मग वळतंय कसं?"

मागच्या कडेला दोन पट्ट्या आहेत, मावशी.
स्टिक मागं: दोन्ही वर.
स्टिक उजवीकडं: उजवी वर, डावी खाली.
दोनदा बघितलं. तिसऱ्यांदा इश्तियाकला बघायला लावलं,
कारण आपलीच चूक आपल्याला बरोबर दिसते.
शेपूट नसलं की पाठीलाच थोडी अकड ठेवावी लागते,
म्हणून दोन्ही पट्ट्या मुळातच वर वाकवलेल्या,
माझ्या चार मिलिमीटर. इतक्या नकोत.

इश्तियाकनं वाऱ्यात ढकललं, नाक किंचित खाली धरून.
गेलं.
उंची घेतली, मग मी मुद्दाम सूर मारायला लावला
आणि स्टिक सोडून दिली.
हळूहळू सावरायला हवं होतं.
ते चिडल्यासारखं झटक्यात वर उसळलं.
म्हणजे नाक जड,
आणि अकड त्या जडपणाला पुरावी म्हणून वाढवलेली.
एका चुकीला दुसरीनं तोललेलं.

उतरवलं कुसळात.
चाकूनं एक मणी काढला. पुन्हा उडवलं, पुन्हा सूर.
अजून एक. पट्ट्या जराशा खाली.
अजून एक अर्धा.
इश्तियाक म्हणाला, "बस कर, उपाशी मारशील त्याला."

आणि मग एकदा
सूर मारला, स्टिक सोडली,
आणि ते लांबलचक वाकत गेलं,
जणू उतारावरून सायकल,
कड्याच्या रेषेवर येऊन पुन्हा वर.
बोटांना काही कामच उरलं नाही.
बाई गेली होती. शेरड्या पुढं गेलेल्या.
आम्ही दोघंही बोललो नाही,
आणि बॅटरी लाल होईपर्यंत उतरवलंही नाही.

घरी आल्यावर खिशातलं शिसं
जुन्या काट्यावर टाकलं, अण्णा झोपलेत असं समजून.
पाच ग्रॅम साठ.
हिशेब केला: अर्ध्या तोळ्याला दोन गुंजा कमी.
पलंगावरून आवाज आला,
"किती भरलं?"
सांगितलं.
"दोन गुंजा घट जायचीच," म्हणाले,
आणि कूस बदलली.